ट्रे अडवून धरणाऱ्या टेक्निशियनला काय लिहावं?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला महत्त्वाचा भाग देते.

‘मागच्या महिन्यात आईचा गुडघ्याचा सांधा बदलला. सकाळी आठला तिला आत घेणार होते, प्रत्यक्षात साडेदहा वाजले. का उशीर होतोय ते कोणी सांगेना. आई उपाशी, घाबरलेली. माझा तोल गेला आणि काउंटरवरच्या मुलीला मी वाट्टेल ते बोलले. ऑपरेशन उत्तम झालं. आई आता काठी घेऊन घरात फिरते. डॉक्टरांचे आम्ही किती आभार मानले असतील! टाके काढायला गेलो तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या, “त्या दिवशी हत्यारांच्या ट्रेमधल्या पट्टीचा रंग नीट बदलला नव्हता. खालच्या टेक्निशियन मॅडमनी ट्रे वर सोडलेच नाहीत. ऑपरेशन थिएटरमधून दोनदा फोन गेला, तरी नाही. सगळं पुन्हा बांधून दुसऱ्या मशीनला लावलं.” तेव्हापासून मला चैन नाही. त्या बाईंना मी पाहिलेलंही नाही. आभार मानावेत असं फार वाटतं, पण त्या अवघडतील का? पाकीट द्यावं का? भाऊ म्हणतो, त्यांचं कामच आहे ते, पगार मिळतो. आणि आणखी एक बोचणी आहे. ऑफिसात माझ्या हाताखाली दहा-बारा माणसं आहेत. त्यांच्यात असं काम कोण करतं, हे मला सांगता येईना.’

सप्रेम नमस्कार.

आभार जरूर माना. लेखी माना आणि फार दिवस जाऊ देऊ नका. फक्त त्याआधी त्या बाईंनी नेमकं काय केलं ते समजून घ्या. ते कळलं की भावालाही उत्तर देता येईल आणि पत्रात काय लिहायचं तेही सुचेल.

ऑपरेशनची हत्यारं धुऊन, तपासून निर्जंतुक करणाऱ्या विभागाला रुग्णालयात सगळे सीएसएसडी म्हणतात. रुग्णाचे नातेवाईक तिथे जात नाहीत, त्यांना तिथे जाऊही देत नाहीत. वापरलेली हत्यारं खाली येतात ती रक्ताने माखलेली असतात. रक्त वाळून बसलं तर त्याच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात, म्हणून पहिलं आणि सर्वांत कष्टाचं काम धुण्याचं. चिमट्यांचे आणि कात्र्यांचे सांधे उघडून घासायचे, पोकळ नळ्यांतून ब्रश फिरवायचा, मग भिंगाखाली धरून एकेक दाता बघायचा. सांधा बदलायच्या ऑपरेशनला असे एक-दोन नाही, बरेच ट्रे लागतात. त्यात करवती असतात, ड्रिल असतात, हाडाचं माप घ्यायचे साचे असतात. सगळं यादीप्रमाणे मोजून मांडायचं, गुंडाळायचं आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये, ठेवायचं.

ऑटोक्लेव्हचं काम ऐकायला सोपं वाटतं. दाबाखालची वाफ, 134 अंश सेल्सिअस तापमान आणि किमान 3 मिनिटं. किंवा 121 अंशांवर 15 मिनिटं. खरी अडचण हवेची असते. गुंडाळलेल्या कापडाच्या घडीत किंवा नळीच्या पोटात थोडी हवा अडकून राहिली तर तिथे वाफ भिडत नाही. मशीनवर 134 चा आकडा दिसत राहतो आणि त्या कोपऱ्यात जंतू जिवंत राहतात. डोळ्यांना काहीही कळत नाही. निर्जंतुक झालेला चिमटा आणि न झालेला चिमटा सारखेच चकचकीत दिसतात.

म्हणून तपासण्या एकावर एक रचलेल्या आहेत. सकाळी पहिल्या लोडच्या आधी रिकामं मशीन चालवून बोवी-डिक चाचणी करतात. 1963 पासून ती वापरात आहे. चाचणीच्या कागदाचा रंग सगळीकडे एकसारखा बदलला पाहिजे. मध्येच फिकट डाग राहिला, तर हवा नीट निघाली नाही आणि ते मशीन त्या दिवशी वापरायचं नाही. प्रत्येक ट्रेच्या आत रंग बदलणारी पट्टी, म्हणजे इंडिकेटर, असते. शिवाय उष्णतेला सहजी दाद न देणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू भरलेली कुपी लोडबरोबर ठेवतात आणि नंतर उबवून बघतात. त्यातलं काही जिवंत निघालं नाही, तर लोड पास. ट्रेचं पॅकिंग बाहेर काढल्यावर ओलसर लागलं, तरी तो ट्रे बाद धरायचा असतो.

तुमच्या आईंच्या ट्रेमधली पट्टी ‘नीट’ बदलली नव्हती, असं सिस्टर म्हणाल्या. मला तो ‘नीट’ महत्त्वाचा वाटतो. अजिबात न बदललेली पट्टी कोणालाही दिसते. थोडी कमी बदललेली पट्टी हातात घेऊन ‘चालतंय’ म्हणायचं की ‘नाही’ म्हणायचं, इथे माणसाची पारख लागते. वर सर्जन हात धुवायच्या तयारीत, भूलतज्ज्ञ थांबलेले, रुग्ण उपाशी, बाहेर नातेवाईक चिडलेले, आणि फोन वाजतोय. फोन करणारे हुद्द्याने मोठे. अशा वेळी ट्रे अडवून धरण्यासाठी काम नुसतं येत असून भागत नाही, आपल्या कामावर पक्का विश्वास लागतो. त्यात हा सांधेबदल. शरीरात बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर जंतू चिकटले तर ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थरात औषध पुरेसं पोचत नाही आणि अनेकदा पुन्हा ऑपरेशन करून तो सांधाच काढावा लागतो. त्या बाईंना हे माहीत असणार. त्या अडीच तासांची किंमत त्यांनी तुमच्यापेक्षा वेगळ्या तराजूत तोलली होती.

आता भावाचं म्हणणं. ते त्यांचं काम होतं, हे खरंच आहे. पण काम म्हणून केलं तर आभार मानायचे नाहीत, हा नियम तुम्ही सर्जनना लावला नाहीत. त्यांनाही पगार आहे, त्यांचंही ते कामच होतं. फरक एवढाच की सर्जनचं काम तुम्हाला दिसलं. सर्जनचं काम यशस्वी झालं की आई चालायला लागते. सीएसएसडीचं काम यशस्वी झालं की काहीच होत नाही: ताप येत नाही, जखम चिघळत नाही, पुन्हा भरती व्हावं लागत नाही. न आलेल्या तापाबद्दल डॉक्टरांना धन्यवाद देतानाही कोणाला तळघरातल्या त्या खोलीची आठवण होत नाही. त्यामुळे या माणसांच्या वाट्याला दाद येते ती फार कमी, आणि तक्रार मात्र नेमाने येते, कारण उशीर सगळ्यांना दिसतो.

तुम्ही ज्या कारणासाठी आभार मानणार आहात, तेच कारण त्या सकाळी तुम्हाला अपराध वाटलं होतं. हे टोचून बोलत नाही. माझ्या मते तुमच्या पत्राचं सगळं मोल इथेच आहे. त्या बाईंना ‘तुम्ही किती छान काम करता’ असं सांगण्यापेक्षा ‘तुम्ही थांबवलंत, आम्हाला अडीच तास ताटकळावं लागलं, आणि तो उशीर आम्हाला मान्य आहे’ असं रुग्णाच्या घरच्यांनी सांगणं कितीतरी मोठं आहे. पुढच्या वेळी पट्टी फिकट निघेल आणि फोन वाजेल, तेव्हा त्यांच्या बाजूने काहीतरी लिहिलेलं असेल.

थांबवण्याचा हा अधिकार टिकवायला मोठमोठ्या संस्थांनाही मुद्दाम व्यवस्था करावी लागली आहे. टोयोटाच्या कारखान्यात जुळणीवरच्या साध्या कामगारालाही दोरी ओढून गडबड कळवता येते, आणि ती वेळेत निस्तरली नाही तर सगळी लाइन थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासणी यादी आणली. त्यात सुरी लावण्याआधी इतर मुद्द्यांबरोबर या दोन गोष्टीही विचारायच्या असतात. खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलं का? आणि निर्जंतुकीकरणाची खात्री, इंडिकेटरच्या निकालासकट, झाली का? आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, त्याचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं होतं. नाव सांगायला लावण्यामागचा विचार मला फार पटतो. एकदा स्वतःच्या तोंडाने नाव सांगितलं की धाकट्या माणसालाही ‘थांबा’ म्हणायला थोडं बळ येतं. सीएसएसडीतल्या बाई त्या खोलीत नसतात. त्यांचं नाव तिथे कोणी घेत नाही. ते तुमच्या पत्रातून पोचेल.

पत्र कसं लिहावं, याचा नमुना देते. शब्द तुमचे घाला, चौकट अशी ठेवा:

‘अमुक तारखेला सकाळी माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ट्रेमधल्या इंडिकेटरचा रंग पूर्ण बदलला नव्हता म्हणून आपण ट्रे वर पाठवले नाहीत, पुन्हा बांधून दुसऱ्या मशीनला लावले, असं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आम्ही बाहेर बसून चिडलो होतो. आता कारण कळलं आहे. घाई असताना आपण थांबायचं ठरवलंत, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. आईची जखम स्वच्छ भरली आहे, ती घरात चालते आहे. आपल्यासोबत पाळीवर असलेल्या, ते ट्रे पुन्हा तपासून बांधणाऱ्या सगळ्यांपर्यंत हे पोचवावं.’

बस, एवढंच. यात ‘तुम्ही आईचा जीव वाचवलात’ असं लिहू नका. ते ट्रे सोडले असते तर काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित काहीही झालं नसतं. ज्यांचं आयुष्य पट्टीचे रंग अचूक वाचण्यात गेलं आहे, त्यांना अतिशयोक्ती लगेच कळते आणि ती वाचून संकोच वाटतो. तुम्हाला जे नक्की माहीत आहे तेच लिहा. आईची सध्याची तब्येत मात्र आवर्जून लिहा. वॉर्डातल्या सिस्टरना रुग्ण बरा होताना दिसतो. खाली फक्त ट्रे जातात आणि ट्रे येतात, त्या ट्रेमागच्या माणसाचं पुढे काय झालं ते तिथे कळत नाही. त्या एका ओळीचं त्यांना किती अप्रूप वाटेल, याची कल्पना करा.

नाव माहीत नसेल तर सिस्टरना विचारा. त्यांना सांगणं योग्य वाटलं नाही, तर ‘अमुक तारखेला सकाळच्या पाळीत सीएसएसडीत काम करणाऱ्या टेक्निशियन’ एवढा पत्ता पुरे, पत्र बरोबर पोचतं. दोन प्रती करा. एक त्यांना, दुसरी रुग्णालयाच्या प्रमुखांना किंवा अधीक्षकांना. दुसरी प्रत विसरू नका. ती का हवी, हे सांगायला एक खरी गोष्ट सांगते.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 29 नोव्हेंबर 1944 रोजी एका तान्ह्या मुलीवर हृदयाजवळची एक नवी शस्त्रक्रिया झाली. जन्मतःच हृदयात दोष असल्यामुळे अशी मुलं निळी पडत, बहुतेक दगावत. शस्त्रक्रिया केली अल्फ्रेड ब्लालॉक यांनी. त्यांच्या मागे एका स्टुलावर प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ उभे होते, व्हिव्हियन थॉमस. ही शस्त्रक्रिया थॉमस यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून बसवलेली होती, आणि टाका कुठे, कसा घ्यायचा हे ते ब्लालॉकना मागून सांगत होते. सुताराचा हा कृष्णवर्णीय मुलगा डॉक्टर व्हायचं ठरवून होता, पण मंदीत बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठवलेले पैसे गेले. ब्लालॉकना त्यांची किंमत पुरेपूर माहीत होती, म्हणून तर त्यांनी थॉमसना आपल्या मागे उभं केलं. पण 1945 मध्ये या शस्त्रक्रियेवरचा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ब्लालॉक आणि तिथल्याच बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची नावं आली, थॉमस यांचं आलं नाही. विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती 1976 मध्ये. मधली तीन दशकं त्यांनी त्याच संस्थेत कितीतरी शल्यविशारदांचे हात घडवण्यात घालवली.

मला ही गोष्ट वाचताना दर वेळी वाईट वाटतं ते या एका कारणाने: शेजारच्या माणसाला सगळं माहीत होतं, आणि तरी ते कागदावर आलं नाही. तोंडी कौतुक त्या दोघांत राहतं. बढती, पगारवाढ, नवं मशीन घ्यायचं की नाही, विभागात माणसं वाढवायची की कमी करायची, हे जिथे ठरतं तिथे तोंडी कौतुक पोचत नाही. तिथे कागद लागतो.

एक सावधगिरी. हे सगळं समाजमाध्यमांवर लिहू नका, निदान रुग्णालयाचं नाव घालून तरी नाही. तुमचा हेतू चांगला असेल, पण वाचणाऱ्यातले निम्मे लोक एवढंच वाचतील की तिथे हत्यारं निर्जंतुक झाली नव्हती. खरं तर तपासणीने आपलं काम चोख केलं. पण गाजावाजा झाला तर चौकशी होईल ती त्या बाईंचीच, किंवा सहज बोलून गेलेल्या सिस्टरची. त्याच कारणाने पत्रातही सिस्टरचा उल्लेख टाळा.

त्या अवघडतील का, असं तुम्ही विचारता. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी 2018 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना समोरचा किती अवघडेल याचा अंदाज करायला सांगितला आणि मग पत्र मिळालेल्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांनी अवघडलेपण जास्त धरलं होतं आणि समोरच्याला होणारा आनंद कमी. शब्द नीट जमतील का, या काळजीत लिहिणारा अडकतो. वाचणाऱ्याला त्यातली आपुलकी आधी दिसते. तेव्हा भाषेची फार चिंता नको.

पाकीट देऊ नका. रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना रुग्णाकडून पैसे घ्यायला सहसा मनाई असते, त्यांची नोकरी अडचणीत येईल. शिवाय ज्या निर्णयाचं मोल त्यात कोणाचीही भीड धरली नाही यात आहे, त्याला पैशाचा स्पर्श कशाला? भेटवस्तूही नको. पत्र पुरे.

काउंटरवरच्या मुलीकडे मात्र स्वतः जा. तिला पत्र नको, समोर उभं राहून माफी हवी. उशिराचं कारण तिला बहुधा कोणी सांगितलंच नव्हतं आणि ती तुमचं सगळं ऐकून घेत तिथे बसून होती. लोकांचा राग झेलत शांत राहणं हेही कौशल्याचं काम आहे, आणि आजूबाजूच्यांना दिसूनही ते काम म्हणून मोजलं जात नाही. रुग्णालयाच्या प्रमुखांना प्रत पाठवाल तेव्हा एक वाक्य वेगळं लिहा: उशिराचं कारण त्याच वेळी सांगितलं असतं, तर आम्ही निमूट थांबलो असतो. ही तक्रार रास्त आहे आणि ती योग्य जागी जायला हवी.

आता तुमच्या ऑफिसातल्या दहा-बारा जणांबद्दल. बोचणी लागली हे चांगलं झालं, पण उद्याच सगळ्यांना बोलावून ‘तुमच्याशिवाय काही चालत नाही’ असं भाषण करू नका. कोण काय करतं हे माहीत नसताना केलेलं कौतुक ऐकणाऱ्यांना पोकळ वाटतं. आधी बघायला शिका. ज्या कामांबद्दल तुमच्याकडे कधीच तक्रार येत नाही, त्यांची यादी करा. पगार दर महिन्याला बिनचूक होतो. बॅकअप घेतला जातो. करारातली चुकीची तारीख सही होण्याआधी कोणीतरी पकडतं. अशा प्रत्येक कामासमोर नाव लिहिता येतं का बघा. जिथे येत नाही, तिथे जाऊन बसा आणि ते कसं करतात ते दाखवायला सांगा. आपल्या कामातल्या बारकाव्यांबद्दल कोणी खरोखर जाणून घेण्यासाठी प्रश्न विचारणं, ही त्या माणसाला मिळालेली मोठी दाद असते.

वर्ष 2000 उजाडताना संगणकांतल्या तारखांचा घोळ होणार, अशी भीती होती. जगभरातल्या प्रोग्रॅमरांनी आधीची काही वर्षं जुने प्रोग्रॅम ओळ न ओळ तपासून दुरुस्त केले. 1 जानेवारी बऱ्यापैकी शांततेत गेला आणि अनेकजण म्हणायला लागले, उगाच बाऊ केला होता. ज्यांनी रात्री जागून काम केलं, त्यांना हे ऐकावं लागलं. तुमच्या हाताखालच्या कोणावर अशी वेळ येऊ नये, एवढं तुमच्या हातात आहे.

त्यासाठी महिन्यातून एकदा प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: ‘या महिन्यात तुम्ही काय अडवलंत?’ काय केलंत, हे सगळेच विचारतात. काय होऊ दिलं नाहीत, हे सहसा कोणी विचारत नाही. पहिल्यांदा उत्तर येणार नाही. लोक गोंधळतील, काहींना ही चौकशी वाटेल. दोन-तीन महिने जाऊ द्या. मग कोणीतरी सांगेल की अमुक फाइल मी परत पाठवली, सगळे रागावले होते, पण त्यात हे राहिलं होतं. ते तिथल्या तिथे तारखेसकट लिहून ठेवा, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्याच शब्दांत, त्याच माणसाच्या नावावर उतरवा.